अलिंद-उपांग बंद करणारे रोपण

एट्रियल फिब्रिलेशन या हृदयतालाच्या विकारात हृदयात धरलेली गुठळी मेंदूकडे जाऊन पक्षाघात होऊ नये, म्हणून डाव्या अलिंदाच्या (हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या) उपांगाचे तोंड कायमचे बुजवणारे साधन. ‘वॉचमन’ आणि ‘ॲम्युलेट’ ही त्याची प्रचलित व्यापारी नावे. याने ठोके नियमित होत नाहीत, धडधड थांबत नाही. अनेक रुग्णांची गल्लत होते ती इथेच.

अलिंद या शब्दाचा मूळ अर्थ दारापुढची ओसरी. हृदयाच्या डाव्या ओसरीला बोटाएवढी, आतून खडबडीत, वेडीवाकडी पिशवी चिकटलेली असते; हेच उपांग. पेठेतल्या जुन्या वाड्यातला केरसुणी न पोहोचणारा कोपराच म्हणा ना! अलिंद नीट आकुंचन पावते तोवर तिथले रक्त खेळते राहते. ते नुसते थरथरू लागले की रक्त साचते आणि गोठते. झडपांचा आजार नसलेल्यांमध्ये डाव्या अलिंदातल्या सुमारे ९० टक्के गुठळ्या या पिशवीतच सापडल्या आहेत. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो.

पहिला उपाय अजूनही रक्त पातळ ठेवणारी गोळीच. वॉरफरिन किंवा असिनोकुमरॉल चालू असेल तर रक्त तपासून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) साधारण २ ते ३ या टप्प्यात ठेवावा लागतो. पालेभाज्यांतल्या ‘के’ जीवनसत्त्वाने तो हलतो. म्हणून पुण्यातल्या लग्नसराईत अळूवर आडवा हात मारावा की नाही, हा प्रश्न डॉक्टरांपुढे येणारच. पालेभाजी वर्ज्य नसते. एक दिवस वाटीभर आणि पुढे महिनाभर काहीच नाही, असे मात्र नको. डॅबिगॅट्रान, ॲपिक्सॅबान या नव्या गोळ्यांना ही कटकट नाही, पण रक्तस्रावाची भीती त्यांनाही आहेच.

रोपणाचा विचार होतो तो मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेल्या, आतड्यातून वारंवार रक्त जाणाऱ्या, म्हणजेच दीर्घकाळ गोळी न चालणाऱ्या रुग्णांसाठी. रोज गोळी घ्यायचा कंटाळा, हे त्याचे पुरेसे कारण नव्हे. ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप (डाव्या अलिंदाच्या खालची) अरुंद झालेल्यांना ते सहसा बसवत नाहीत, कारण त्यांच्यात गुठळी उपांगाबाहेरही धरते. हा आजार आपल्याकडे अजून संपलेला नाही, त्यामुळे पाश्चात्त्य आकडे इथल्या प्रत्येक रुग्णाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

रोपण कॅथलॅबमध्ये, म्हणजे शिरेतून नळी घालून हृदयावर उपचार करतात त्या खोलीत होते, छाती उघडावी लागत नाही. जांघेतल्या शिरेतून नळी उजव्या अलिंदात नेतात, दोन अलिंदांमधला पडदा सुईने भेदून डावीकडे जातात. अन्ननलिकेतून केलेल्या इकोवर उपांगाचे तोंड मोजून योग्य मापाचे साधन निवडले जाते. वॉचमनची निटिनॉल या मिश्रधातूची जाळी नळीबाहेर येताच छत्रीसारखी उघडते. तोंडावर पातळ कापड असते. ती घट्ट बसली आहे का, हे ओढून पाहिल्यावरच सोडतात. मोठा धोका म्हणजे अलिंदाला छिद्र पडून हृदयावरणात रक्त साचणे. साधन निसटणे, कडेने गळती राहणे, साधनावरच गुठळी धरणे, हेही घडू शकते.

अशा प्रकारचे पहिले साधन माणसात २००१ साली बसवले गेले. वॉचमनची वॉरफरिनशी तुलना करणारी पहिली मोठी चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. दुसऱ्या कारणासाठी हृदयाची शस्त्रक्रिया होतच असेल, तर शल्यचिकित्सक त्याच वेळी उपांग बंद करू शकतो. ‘लाओस-३’ या २०२१ च्या चाचणीत असे केलेल्यांपैकी ४.८ टक्के, तर न केलेल्यांपैकी ७ टक्के रुग्णांना पक्षाघात किंवा शरीरात अन्यत्र गुठळी अडकण्याचा त्रास झाला. त्यातल्या बहुतेकांच्या गोळ्या मात्र चालूच होत्या.

रोपणानंतरही औषध लगेच सुटत नाही. जाळीवर हृदयाचे स्वतःचे अस्तर चढेपर्यंत रक्त पातळ करणारी किंवा रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू न देणारी गोळी काही आठवडे ते महिने घ्यावी लागते. वॉचमनच्या मूळ पद्धतीत ४५ दिवसांनी इको करून गळती पाहतात. सातारा, सोलापूर किंवा अहिल्यानगरहून पुण्यात येऊन रोपण करून घेणाऱ्याने या खेपेची तारीख घरी जाण्यापूर्वीच ठरवून घ्यावी.