बीटा आवृत्ती

बीटा आवृत्ती : वेब सॉफ्टवेअर चालू लागले आहे, पण ते सगळ्यांच्या हाती नीट चालेल याची खात्री बनवणाऱ्यांनाही अजून नाही, अशी अवस्था. नाव ग्रीक वर्णमालेतील दुसऱ्या अक्षराचे. आधीची अल्फा आवृत्ती बनवणारे घरातच तपासतात. बीटा बाहेरच्यांना वापरायला देतात. निवडक लोकांना दिली तर ती बंद बीटा, कोणालाही दिली तर खुली.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत ही रीत परकी वाटणार नाही. नव्या पॅटर्नवर आधी नमुन्याचे कास्टिंग ओततात, गिऱ्हाइकाने ते पसंत केले की मगच पुढचा लॉट निघतो. पण ओतलेले लोखंड परत बदलत नाही. वेब सॉफ्टवेअर सर्व्हरवर, म्हणजे बनवणाऱ्यांच्या मध्यवर्ती संगणकावर असते, रात्री दुरुस्त केले की सकाळी सगळ्यांना नवे मिळते. सॉफ्टवेअर फ्लॉपीवर किंवा सीडीवर विकले जाई तेव्हा प्रती काढण्याआधी बीटा संपवावीच लागे. वेबवर ती सक्ती उरली नाही. गूगलची जीमेल सेवा १ एप्रिल २००४ रोजी बीटा म्हणून आली आणि कोट्यवधी लोकांची रोजची टपालपेटी झाल्यावरही हा शिक्का ७ जुलै २००९ पर्यंत तसाच राहिला. पाच वर्षे टिकलेला शिक्का कोणाला सावध करत नाही. तो न काढणे ही बनवणाऱ्यांची चूकच मानायला हवी.

बीटात नोंदी हरवू शकतात, रकाने जागा बदलतात, आज फुकट असलेल्या सोयीला उद्या पैसे पडतात. शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्याने सौद्यांचा हिशेब अशा सॉफ्टवेअरवर जरूर घालून पाहावा, मात्र कीर्द-खतावणी बंद करू नये.

बाहेरच्या माणसाला सापडणाऱ्या चुका बनवणाऱ्याच्या टेबलावर सहसा सापडत नाहीत. ‘आजऱ्याचा घनसाळ’ हा तांदूळ घ्या. ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो : एकदा नुक्त्याच्या ऱ पासून, एकदा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. दुकानदाराने माल एका प्रकारे नोंदवला आणि गिऱ्हाइकाने दुसऱ्या प्रकारे शोधला, तर शोध रिकामा येतो. गुळाच्या रव्याचे (ढेपेचे) वजन देवनागरी अंकांत ‘३०’ लिहिले तर आकड्यांचा रकाना ते नाकारू शकतो. मराठीतून रोजचा व्यवहार करणाऱ्याच्या हाती बीटा पडली नाही, तर या चुका तशाच पुढे जातात.

म्हणून चूक कळवताना ‘चालत नाही’ एवढे पुरत नाही. काय टंकले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले, फोन आणि ब्राउझर कोणता, हे लिहावे. ‘ऱ्या’सारख्या चुकीत पडद्याच्या चित्राबरोबर मूळ मजकूरही पाठवावा, कारण चित्रात दोन्ही प्रकार सारखेच दिसतात.