टॉर्चच्या रिपोर्टमागची चढाओढ

गरोदरपणाच्या सुरुवातीला टॉर्चची (गर्भाला धोका पोचवू शकणाऱ्या काही संसर्गांची रक्त-) तपासणी झाली आणि रिपोर्टवर 'टोक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह' आलं, की घरात घबराट उडते. नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर आधी येतो, डॉक्टरांची वेळ नंतर मिळते. मधल्या काळात गूगल जे काही सांगेल ते खरं वाटू लागतं. आयजीजी आणि आयजीएम ही संसर्गाविरुद्ध रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह असा निकाल मात्र गरोदरपणाच्या सुरुवातीला बहुतेकदा चांगला असतो. त्याचं एक कारण पेशीच्या केंद्रकात सापडतं.

टोक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी. १९०८ साली ट्युनिसमध्ये निकोल आणि मान्सो या संशोधकांना तो गुंडी या कुरतडणाऱ्या प्राण्यात दिसला. त्याचं लैंगिक चक्र मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यातच पुरं होतं. विष्ठेतून त्याच्या अंडपुटी मातीत उतरतात आणि ओलाव्यात वर्षभरही तग धरतात. माणसात झपाट्याने वाढणारं त्याचं रूप जेमतेम ६ मायक्रोमीटर लांब असतं. ते अर्ध्या मिनिटात पेशीत घुसतं, घुसताना पेशीच्याच पटलाची पिशवी स्वतःभोवती ओढून घेतं आणि आत साधारण ६ ते ८ तासांत दुप्पट होतं.

आता पेशीकडे वळू. आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत, पण एका वेळी त्यातली काहीच वाचली जातात. डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, हिस्टोनच्या दर गठ्ठ्याभोवती सुमारे १४७ अक्षरं. हिस्टोनवर ॲसिटिल गट चढले की वेढे सैल होतात आणि जनुक वाचता येतं. ते गट काढले की पुन्हा आवळतात. संसर्ग होतो तेव्हा टी-पेशी आणि एनके-पेशी या रक्षक पेशी इंटरफेरॉन गॅमा हे इशारा देणारं प्रथिन सोडतात. तो पेशीच्या पटलावरच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटला की आत स्टॅट-१ या प्रथिनावर फॉस्फेट चढतं, त्याच्या जोड्या जमतात आणि केंद्रकात जाऊन नेमक्या जनुकांपाशी बसतात. अर्ध्या तासात आरएनए, म्हणजे त्या जनुकांची प्रत, बनू लागतो.

या जनुकांपैकी एक आयडीओ. त्याचं विकर (एन्झाइम) ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल तोडतं. टोक्सोप्लाझ्माला ट्रिप्टोफॅन स्वतः बनवता येत नाही, त्यामुळे तो आतल्या आत उपाशी पडतो. संशोधक पेफरकॉर्न यांनी हे १९८४ मध्ये माणसाच्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशींत दाखवलं. उंदरात मात्र मुख्य मदार वेगळ्या प्रथिनांवर असते, ती परजीवीची पिशवीच फाडतात. म्हणून उंदरावरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. बातम्यांत हा फरक सर्रास गाळलेला असतो.

परजीवीही गप्प बसत नाही. घुसतानाच तो आरओपी-१६ हे प्रथिन पेशीत सोडतो. काही वाणांत ते केंद्रकात जाऊन स्टॅट-३ आणि स्टॅट-६ यांना जागं करतं आणि दाह कमी ठेवतं. त्याहून धूर्त आहे टीजीआयएसटी हे प्रथिन, जे २०१६ मध्ये उजेडात आलं. ते पिशवीच्या पटलातून बाहेर पडतं, केंद्रकात पोचतं, स्टॅट-१ ला धरतं आणि पेशीचंच एनयूआरडी नावाचं प्रथिनसंकुल तिथे ओढून आणतं. या संकुलात हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढणारी विकरं असतात. स्टॅट-१ वर फॉस्फेट आहे, तो केंद्रकात आहे, योग्य जागी बसलेलाही आहे. तरी जनुक बंदच राहतं. कुलूपही पेशीचं आणि लावणारा हातही पेशीचाच.

पण या युक्तीला एक मर्यादा आहे. ती लागू पडते ती परजीवी आधी शिरला आणि इंटरफेरॉन नंतर आला तर. इंटरफेरॉन आधी पोचला असेल, तर आयडीओसारखी प्रथिनं तयारच असतात आणि टीजीआयएसटीला उशीर झालेला असतो.

प्रयोगशाळेत हे तपासताना फसगत होते ती याच टप्प्यावर. केंद्रकात स्टॅट-१ दिसतो का, एवढंच पाहिलं तर सगळं ठीक वाटतं. आरएनए मोजावाच लागतो. ताटलीतल्या सगळ्याच पेशी बाधित नसतात, त्यामुळे सरसकट आरएनए काढला तर निरोगी शेजाऱ्यांचा प्रतिसाद बाधित पेशींच्या नावावर जमा होतो. यावर उपाय म्हणजे चमकणारे परजीवी वापरून पेशी वेगळ्या काढणं. तुलनेसाठी घेतलेलं 'स्थिर' जनुकही संसर्गात हलू शकतं, म्हणून एकावर विसंबू नये. आणि मायकोप्लाझ्मा हे जिवाणू घुसलेल्या पेशींचा संच फेकूनच द्यावा: त्या पेशी आधीपासूनच चेतलेल्या असतात.

आता रिपोर्ट. आयजीजी म्हणजे शरीराने या परजीवीला पूर्वी तोंड दिलंय. पुन्हा गाठ पडली तर प्रतिपिंडं त्याला पेशीबाहेरच अडवतात आणि स्मृती असलेल्या टी-पेशी इंटरफेरॉन लवकर सोडतात. आजूबाजूच्या पेशी परजीवी पोचण्याआधीच सज्ज होतात. बाळाला खरा धोका असतो तो गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर. आयजीएम पॉझिटिव्ह आलं तरी लागण ताजीच असेल असं नाही, ते काही महिने, कधी वर्षभरही टिकतं. अशा वेळी आयजीजी ॲव्हिडिटी, म्हणजे प्रतिपिंडाची पकड किती घट्ट आहे याची तपासणी, करतात. पहिल्या तिमाहीत ती जास्त आली, तर लागण गरोदरपणाआधीची. कमी आली तर मात्र त्यावरून ताजी लागण सिद्ध होत नाही. आईला ताजी लागण झाल्याचं ठरलं, तर १८ आठवड्यांनंतर, आणि लागणीला किमान ४ आठवडे उलटल्यावर, गर्भजलाची पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी) तपासणी केली जाते.

आयजीजी निगेटिव्ह असलेल्या गर्भवतीने मातीकडे लक्ष द्यावं. नाशिकची मेथी-कोथिंबीर मुळांसकट, मातीसकट घरी येते. मुळं आधी कापून बाजूला करावीत, पानं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत, कच्ची कोथिंबीर वरून भुरभुरण्याऐवजी शिजताना घालावी. कुंडीतली माती हाताळताना हातमोजे हवेत. मटण आतपर्यंत शिजलेलं हवं. ६७ अंश सेल्सिअसला ऊतींतल्या पुटी, म्हणजे मांसात दडलेलं परजीवीचं रूप, मरतात. व्हिनेगरच्या पाण्यावर भरवसा नको: प्रयोगशाळेत या अंडपुटी जिवंत ठेवायला २ टक्के गंधकाम्ल (सल्फ्युरिक ॲसिड) वापरतात.