सँ-दोमँग

कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटाच्या पश्चिम भागातील फ्रेंच वसाहत; सध्याचा हैती देश. १६९७ च्या रेस्विक तहाने स्पेनने हा भाग फ्रान्सला दिला, असे बहुतेक ग्रंथांत आढळते. तहात तसे स्पष्ट कलम नाही. फ्रेंचांचा प्रत्यक्ष ताबा स्पेनने व्यवहारात मान्य केला, असे म्हणणे अधिक योग्य. १७८९ च्या सुमारास येथे सुमारे ३०,००० गोरे, जवळजवळ तितकेच स्वतंत्र मिश्रवंशीय व कृष्णवर्णीय आणि साडेचार ते पाच लाख गुलाम होते. गुलामांपैकी निम्म्याहून अधिक आफ्रिकेत जन्मलेले होते. जन्मांपेक्षा मृत्यू जास्त असल्याने मळे सतत नव्या माणसांच्या आयातीवर चालत.

साखरेचा मळा म्हणजे शेत आणि कारखाना एकाच आवारात. तोडलेला ऊस एक-दोन दिवसांत गाळला नाही, तर रस आंबतो आणि साखरेचा दाणा धरत नाही. म्हणून हंगामात चरक व चुलवाण रात्रंदिवस चालू ठेवत. चरकाला तीन उभे लाट (रूळ) असून तो बैल, खेचरे किंवा पाण्याच्या जोरावर फिरे. ऊस घालणाऱ्या, बहुधा स्त्रिया, पेंगल्या की बोटे लाटांत जात आणि मागोमाग हात ओढला जाई. तो तोडण्यासाठी जवळ कुऱ्हाड ठेवण्याची वहिवाट होती. रस ओळीने मांडलेल्या, लहान होत जाणाऱ्या चार-पाच काहिलींत क्रमाने आटवत. चुना घालून मळी काढत. चुना कमी पडला तर मळी नीट सुटत नसे, जास्त झाला तर साखर काळपटे. पाक शंकूच्या आकाराच्या मातीच्या साच्यांत टोक खाली ठेवून ओतत. वर ओल्या चिकणमातीचा थर दिला की तिचे पाणी झिरपताना काकवी खालच्या भोकातून निथळे. यास काही आठवडे लागत.

२२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री उत्तरेकडील मैदानात उठाव झाला. ऊस आणि चरकघरे पेटवली गेली. त्याआधी गुलामांचा पुढारी बूकमान याच्या पुढाकाराने ब्वा काइमां या ठिकाणी उठावाचा शपथविधी झाला, ही परंपरा वादग्रस्त आहे. हजर असलेल्यांपैकी कोणाचाही वृत्तान्त उपलब्ध नाही. सर्वांत जुना, दालमास या फ्रेंच डॉक्टराचा, १८१४ मध्ये छापला गेला. काही अभ्यासक हा विधी कल्पित मानतात. मात्र १४ ऑगस्टला मळ्यांच्या प्रतिनिधींची बैठक झाल्याचे पुरावे आहेत आणि शपथविधी तिच्यानंतर, बहुधा २१ ऑगस्टला झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

१७९३ मध्ये फ्रान्सचा आयुक्त सोंतोना याने उत्तर प्रांतात गुलामगिरी रद्द केली. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने तो निर्णय सर्व वसाहतींना लागू केला. पूर्वी गुलाम असलेला सेनानी तूसँ लूव्हेर्त्यूर याच्या १८०१ च्या संविधानाने गुलामगिरी कायमची नाकारली, पण मजुरांना मळ्याशीच बांधून ठेवले. वसाहत पुन्हा ताब्यात घेण्यासाठी १८०२ मध्ये आलेल्या फ्रेंच फौजेची पीतज्वराने वाताहत झाली. व्हेर्तिएरच्या लढाईत (१८ नोव्हेंबर १८०३) फ्रेंच हरल्यानंतर तूसँचा सेनापती देसालीन याने १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य घोषित केले.

मजूर सक्तीवाचून चरकाकडे परतेनात. साखरेला शेकडो हातांची एकाच वेळी जुळणी लागते. कॉफी एकेका कुटुंबाला डोंगरउतारावर पिकवता येते. त्यामुळे साखरेची निर्यात जवळजवळ संपली, कॉफीची टिकली. हैतीचा अध्यक्ष बुआये याच्या १८२६ च्या ग्रामीण कायद्याने सक्ती पुन्हा आणली. ती फारशी चालली नाही. १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून फ्रान्सने मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँक मागितले. पहिल्या हप्त्यासाठी हैतीने पॅरिसमध्ये ३ कोटींचे कर्ज काढले, त्यातले २ कोटी ४० लाखच हाती आले. १८३८ मध्ये एकूण मागणी ९ कोटींवर आणली गेली.