बंदी असलेला कुत्रा आणि धोकादायक कुत्रा: एकाच कायद्याची दोन कलमं

समजा, ब्रिटनमधल्या एखाद्या कोर्टात एकाच दिवशी दोन कुत्र्यांची प्रकरणं आली आहेत. पहिला कुत्रा आजवर कुणाला चावलेला नाही, कुणावर धड भुंकलेलाही नाही. त्याचं डोकं रुंद आहे, छाती भरलेली आहे आणि टेपने मोजल्यावर त्याची उंची नको तेवढी भरली आहे. दुसरा आहे एक लॅब्रेडोर. पट्टा सुटल्यावर तो बागेत एका बाईच्या अंगावर असा धावून गेला की ती भिंतीला चिकटून किंचाळत राहिली. दोन्ही प्रकरणं १९९१ च्या डेंजरस डॉग्ज ॲक्टखालीच येतात, पण पहिलं कलम १ खाली आणि दुसरं कलम ३ खाली. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन्ही कुत्र्यांना एकच विशेषण लागतं: धोकादायक. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

कलम १ विचारतं, हा कुत्रा कोण आहे? कलम ३ विचारतं, यानं काय केलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं, तरी त्यातून दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही.

आधी कलम १. १९९१ च्या मे महिन्यात ब्रॅडफर्डमध्ये एका सहा वर्षांच्या मुलीवर पिट बुलने भयंकर हल्ला केला. देशभर संताप उसळला आणि तेव्हाचे गृहमंत्री केनेथ बेकर यांनी काही आठवड्यांत कायदा आणला. १२ ऑगस्टला तो लागूही झाला. घाईत केलेल्या कायद्याचा नमुना म्हणून ब्रिटनमध्ये आजही त्याचंच नाव घेतलं जातं. त्यात चार प्रकारांवर बंदी आली: पिट बुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो.

इथे 'प्रकार' म्हणजे काय हे नीट समजून घ्यायला हवं. कायदा जातीची कागदपत्रं पाहत नाही, वंशावळ पाहत नाही, डीएनएही पाहत नाही. पिट बुलच्या शारीरिक लक्षणांपैकी बरीचशी या कुत्र्यात दिसतात का, एवढंच पाहिलं जातं. १९९३ मध्ये न्यायालयानेच सांगितलं की कायद्यातला 'प्रकार' हा जातीपेक्षा व्यापक आहे. त्यामुळे आई लॅब्रेडोर, बाप बॉक्सर असला तरी पिल्लू मोठं होऊन 'पिट बुल प्रकारचं' ठरू शकतं. एकाच वेताची दोन पिल्लं, त्यातलं एक बेकायदा आणि दुसरं कायदेशीर, असंही घडू शकतं. त्यात भर म्हणजे पुराव्याचं ओझं उलटं आहे. सरकारी पक्षाने कुत्रा बंदी असलेल्या प्रकारातला आहे असं म्हटलं, की तो तसा नाही हे मालकाने सिद्ध करायचं. चोरीच्या आरोपीलासुद्धा निर्दोष मानून खटला सुरू होतो.

सुरुवातीच्या वर्षांत असा कुत्रा सापडला की मारून टाकण्यावाचून न्यायाधीशाला पर्यायच नव्हता. १९९७ च्या दुरुस्तीने थोडी मोकळीक दिली. या कुत्र्यापासून लोकांना धोका नाही असं कोर्टाला पटलं, तर त्याचं नाव सवलतीच्या यादीत जातं. मग निर्बीजीकरण, मायक्रोचिप, विमा, बाहेर नेताना तोंडाला मुसकं आणि गळ्यात पट्टा, या अटींवर तो जगू शकतो. म्हणजे कुत्रा निरुपद्रवी आहे हे कोर्ट मान्य करतं आणि तरीही त्याला आयुष्यभर मुसकं बांधून हिंडवायला सांगतं. असं तर्कशास्त्र फक्त कायद्यातच खपतं.

२०२३ मध्ये या यादीत पाचवं नाव आलं, एक्सएल बुली. लागोपाठ काही जीवघेणे हल्ले झाले आणि सप्टेंबरमध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बंदी जाहीर केली. १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सवलतीच्या दाखल्याशिवाय असा कुत्रा पाळणं गुन्हा ठरलं. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने ही जात मानलेलीच नव्हती, म्हणून सरकारला व्याख्या नव्याने लिहावी लागली. नराची खांद्यापाशी उंची २० इंच किंवा जास्त, मादीची १९ इंच किंवा जास्त, शिवाय डोकं, जबडा, छाती यांची वर्णनं. मालकांनी टेप घेऊन घरच्या घरी कुत्र्याची मापं काढायची आणि शंका वाटलीच तर नोंदणी करून टाकायची. पन्नास हजारांहून जास्त कुत्र्यांची अशी नोंदणी झाली.

कलम ३ ची गोष्ट वेगळी आहे. ते कुठल्याही कुत्र्याला लागू होतं, मग तो पामेरियन का असेना. कुत्रा 'धोकादायकरीत्या ताब्याबाहेर' गेला होता का, एवढाच प्रश्न असतो. चावा घेतलाच पाहिजे असंही नाही. हा आता इजा करील अशी रास्त भीती समोरच्याला वाटली, तरी पुरे. चावून दुखापत केली तर मालकाला पाच वर्षांपर्यंत आणि माणूस दगावला तर चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी हे फक्त सार्वजनिक जागेपुरतं होतं, २०१४ पासून स्वतःच्या घरात आणि अंगणातही लागू आहे. टपाल वाटणाऱ्यांना चावे बसतात ते बहुतेक वेळा फाटकाच्या आत, त्यामुळे हा बदल त्यांच्या फार कामाचा ठरला. जात न विचारणारा कायदा काही तेव्हा नव्याने सुचला नव्हता. ताब्यात न ठेवलेल्या धोकादायक कुत्र्याबद्दल तक्रार करता येईल असा कायदा ब्रिटनमध्ये १८७१ पासून आहे.

एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की काय होतं, ते बेलफास्टच्या लेनॉक्सच्या प्रकरणात दिसलं. तो एका कुटुंबाचा पाळीव कुत्रा. त्याने कुणाला चावल्याची नोंद नव्हती. २०१० मध्ये महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी मापं घेतली, पिट बुल प्रकार ठरवला आणि त्याला उचलून नेलं. पुढची दोन वर्षं तो कोंडवाड्यात होता. स्वभावावरही वाद झाला: पालिकेच्या तज्ज्ञाने तो बेभरवशाचा असल्याचं सांगितलं, कुटुंबाच्या बाजूच्या तज्ज्ञांनी ते खोडून काढलं. पण हा वाद सुरू झाला तोच मुळी मापं घेतल्यामुळे. घरापासून तोडलेल्या, परक्या माणसांत अडकलेल्या जनावराचा स्वभाव तिथे पारखणं कितपत योग्य, हे कुत्रा पाळलेल्या कुणालाही विचारावं. जगभरातून विनवण्या झाल्या, अपिलं झाली. जुलै २०१२ मध्ये त्याला इंजेक्शन देऊन मारण्यात आलं.

लेनॉक्सला निदान भांडायला घरचे होते. ज्यांना कुणीच नाही त्यांचं काय होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. बंदी असलेल्या प्रकारातला मोकाट किंवा सोडून दिलेला कुत्रा आश्रयगृहात आला, तर तो कितीही गरीब स्वभावाचा असो, त्याला नवं घर देता येत नाही. लंडनच्या बॅटरसी आश्रयगृहासारख्या जुन्या संस्थांनाही असे कुत्रे मारावे लागतात. २०१८ मध्ये संसदेच्या समितीने ही अट उठवा अशी शिफारस केली. सरकारने ती फेटाळली.

मुळात नजरेने ओळखणंच कच्चं आहे. फ्लोरिडातल्या चार आश्रयगृहांतल्या १२० कुत्र्यांवर झालेल्या एका अभ्यासात, रोज कुत्र्यांमध्ये वावरणाऱ्या कर्मचाऱ्यांनी ६२ कुत्रे पिट बुल प्रकारचे सांगितले. डीएनए तपासणीत निघाले २५.

बरं, ओळख अचूक ठरली असं धरलं तरी स्वभाव कळतो का? २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या, अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या अभ्यासात वागण्यातल्या फरकांपैकी साधारण ९ टक्केच जातीवरून समजावता आले. मात्र जातीचा काहीच संबंध नाही, असं म्हणणारे श्वानप्रेमीही गोष्ट ताणतात. सांगितलेलं ऐकण्याची वृत्ती जातीशी बरीच जोडलेली दिसते, आणि मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्याला ते काम शिकवावं लागत नाही हे कुणीही धनगर सांगेल. शिवाय ताकदीचा मुद्दा उरतोच. पन्नास किलोच्या कुत्र्याचा एक चावा आणि डॅशहुंडचे दहा चावे यांची बरोबरी होत नाही. बंदीच्या बाजूचा हा युक्तिवाद खरा आहे आणि ज्याचं मूल गेलं त्याला आकडेवारी ऐकवण्यात अर्थ नसतो. फक्त त्या युक्तिवादाने बंदी सिद्ध होत नाही. मोठ्या ताकदीच्या कुत्र्याच्या मालकावर जास्त जबाबदारी टाकावी, एवढंच त्यातून निघतं. ब्रिटनच्या आरएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये हिशेब मांडला: कायदा आल्यापासून कुत्र्यांच्या हल्ल्यांत ३० माणसं दगावली, त्यांपैकी २१ घटनांतले कुत्रे बंदी असलेल्या प्रकारांतले नव्हतेच. नेदरलँड्सने १९९३ पासूनची पिट बुलबंदी २००८ मध्ये उठवली, कारण चावे कमी झाले नव्हते.

कलम ३ मध्येही खोट आहे, ती लपवू नये. वागणूक पाहणारा कायदा बहुधा चावा बसल्यावर जागा होतो. यावर स्कॉटलंडने २०१० मध्ये उपाय काढला. कुत्रा अंगावर येतो, मालकाला आवरत नाही अशी तक्रार आली की स्थानिक अधिकारी मालकाला नोटीस देतो: पट्टा लावा, मुसकं घाला, प्रशिक्षणाला न्या. चावा बसण्याची वाट पाहायची नाही, आणि जात कुठेच येत नाही. कॅनडातल्या कॅलगरी शहरानेही जातीवर बंदी न घालता परवाने आणि जबर दंड यांवर भर दिला. गंमत म्हणजे त्याच स्कॉटलंडने २०२४ मध्ये इंग्लंडमागोमाग एक्सएल बुलीवरचे निर्बंधही घेतले. इंग्लंडातले कुत्रे सीमेपलीकडे आणून सोडले जातील, अशी भीती होती.

एकेका कुत्र्याला वेगळं पाहिलं तर काय हाती लागतं, याचा दाखला अमेरिकेत आहे. २००७ मध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मायकल व्हिकच्या कुत्र्यांच्या झुंजींच्या अड्ड्यावरून पन्नासच्या आसपास पिट बुल पकडले गेले. तोवर अशा कुत्र्यांना सरसकट मारण्याचीच रीत होती. या वेळी प्रत्येकाची वेगळी तपासणी झाली. आक्रमक म्हणून मारावा लागला तो एकच. बाकीच्यांतले बरेच पुढे लोकांच्या घरी गेले. झुंजीसाठी पैदास केलेले, झुंजीतूनच आलेले हे कुत्रे होते.

आपल्याकडे हाच घोटाळा १२ मार्च २०२४ ला टपालाने आला. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र लिहून २३ जातींची विक्री, पैदास आणि पाळणं बंद करायला सांगितलं. आधीपासून घरात असलेल्यांचं निर्बीजीकरण करायचं. यादी वाचण्यासारखी आहे. 'तोसा इनू' आणि 'जपानी तोसा' अशी एकाच कुत्र्याची दोनदा वर्णी लागली आहे आणि एका जागी नुसतंच 'टेरियर' लिहिलं आहे, ज्यात मांडीवर बसणारा यॉर्कशायर टेरियरही यावा. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हे पत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकूनच घेतलं नव्हतं, हे त्यामागचं एक कारण. दिल्ली उच्च न्यायालयानेही केंद्राला नव्याने विचार करायला सांगितलं.

पण लोकांची भीती कोर्टाच्या निकालाने जात नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोव्यात हणजुणे येथे सात वर्षांच्या मुलाचा पिट बुलच्या हल्ल्यात जीव गेला आणि पुढे गोवा सरकारने पिट बुल आणि रॉटवायलर या दोन जातींवर बंदी आणायचं ठरवलं. वागणूक पाहणारं कलम आपल्याकडे आधीपासून आहे: भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, पूर्वीच्या दंडविधानातलं २८९. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात जातीचा उल्लेख नाही, चावा बसलाच पाहिजे अशी अटही नाही. सोसायटीच्या ग्रुपवर रॉटवायलरचा फोटो फिरवण्याआधी, तिसऱ्या मजल्यावरच्या ज्या कुत्र्याला पट्ट्याशिवाय खाली सोडतात त्याच्या मालकाविरुद्ध हे कलम दाखवून पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.