पुण्याजवळची सहा गावे, काटकुळी बाळे आणि आपली साखर

पुण्यातल्या कुठल्याही पेठेत सकाळी सात-साडेसातला रक्त तपासणाऱ्या लॅबसमोर गेलो, तर उपाशीपोटी आलेल्या माणसांची रांग हमखास दिसते. एकदा रक्त देऊन ही मंडळी नाश्ता करायला जातात आणि दोन तासांनी पुन्हा हात पुढे करायला येतात. त्या रांगेत ज्यांना सरळ लठ्ठ म्हणता येईल अशी माणसे थोडीच असतात. माझे मामा अनेक वर्षे याच रांगेत उभे राहिले. जन्मभर सायकल चालवलेला, छप्पन्न किलो वजनाचा, शिडशिडीत माणूस. चाळिशी ओलांडताच त्यांना मधुमेह निघाला, तेव्हा आजी पुन्हा पुन्हा एकच विचारत असे, ‘‘अरे, अंगावर मांस नाही तुझ्या, मग तुला साखर कुठून आली?’’ डॉक्टरांनी ‘आनुवंशिक असेल’ असे सांगून विषय संपवला. आजीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्या प्रश्नाचे आज उपलब्ध असलेले बरेचसे उत्तर पुण्यातच, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात आणि शहराबाहेरच्या सहा खेड्यांत शोधले गेले आहे, आणि पुणेकरांना ते पुरेसे माहीत नाही, याची मला खंत वाटते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे बोलीत सांगायचे तर ‘बॉर्डरवर’ आहेत. आकडा मोठा आहेच. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की युरोपीय माणसाच्या तुलनेत भारतीय माणसाला हा आजार साधारण दहा वर्षे आधी आणि बऱ्याच कमी वजनावर गाठतो. म्हणूनच बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय, २५ च्या वर गेल्यावर युरोपात अतिवजन मानतात, तर आपल्याकडे ती रेषा २३ वर ओढलेली आहे.

वजनकाटा कसा फसवतो, हे दाखवणारे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. त्यात दोन संशोधक शेजारी शेजारी उभे आहेत : केईएमच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. मात्र क्ष-किरणांच्या साह्याने शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्याला हाड, स्नायू, पाणी आणि चरबी यांतला फरक कळत नाही. स्नायू कमी आणि चरबी अधिक अशी देहरचना बाहेरून सडपातळच दिसते. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या विसंगतीला ‘वाय-वाय विरोधाभास’ असे नाव पडले.

हा फरक इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी जेवणानंतर साखरेचे काय होते ते पाहावे लागते. भाकरी, भात किंवा पोहे पचून रक्तात आलेली साखर स्वादुपिंडातल्या बीटा पेशींनी सोडलेल्या इन्सुलिनच्या मदतीने पेशींत शिरते, आणि तिचा मोठा वाटा उचलतात ते स्नायू. ते भरदार असतील, तर साखर साठवायला जागा भरपूर असते. ते कमी असतील, तर तेच जेवण रक्तात अधिक वेळ रेंगाळते. चरबीचेही असेच आहे. त्वचेखालच्या चरबीपेशी ही शरीराची हक्काची कोठी; पण या कोठीची मर्यादा माणसागणिक वेगळी असते. ती भरली, की उरलेली चरबी यकृतात, स्वादुपिंडात आणि पोटातल्या अवयवांभोवती जाऊन बसते. चरबी साचलेले यकृत इन्सुलिनला दाद देत नाही आणि गरज नसताना रक्तात साखर सोडत राहते, तर स्वादुपिंडातल्या बीटा पेशी हळूहळू थकतात. सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द वाचून अनेक जण तो कागद फाइलमध्ये ठेवून देतात. वास्तविक मधुमेहाच्या कितीतरी आधी वाजलेली ती घंटा असू शकते. आजीच्या प्रश्नातच अर्धे उत्तर होते. मामांच्या अंगावर मांस नव्हते, हेच त्यांच्या साखरेचे एक कारण असू शकते.

आता खरा प्रश्न असा, की ही देहरचना येते कधी? खुर्चीवरचे काम, बाहेरचे खाणे आणि हिंजवडीच्या रस्त्यावर रोज गाडीत जाणारे तास, ही कारणे खोटी नाहीत. पण ती पंचविशीनंतरची झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधले डेव्हिड बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी असे मांडले, की गर्भात उपासमार झालेले मूल काटकसरीचा देह घेऊन जन्मते आणि पुढे सुबत्ता मिळाली, की तोच देह त्याला मधुमेहाकडे नेतो. हा विचार तपासण्यासाठी केईएमच्या संशोधकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केला. गर्भधारणेच्या आधीपासून नोंदी हव्या होत्या, म्हणून आरोग्यसेविका दर महिन्याला विवाहित स्त्रियांच्या घरी जाऊन पाळीची तारीख टिपून घेत. एखादीची पाळी चुकली, की अभ्यासाचे पुढचे पान उघडे. असे चिकाटीचे काम, आणि तेही दुष्काळी भागातल्या गावांत, जगात फार कमी ठिकाणी झाले आहे, आणि त्याचे श्रेय त्या अनामिक सेविकांना व दार उघडणाऱ्या बायकांना आहे.

बाळ जन्मले, की त्याचे वजन आणि लांबी, डोक्याचा, पोटाचा आणि दंडाचा घेर मोजला जाई आणि शेवटी एका छोट्या चिमट्याने खांद्याच्या पात्याखालची त्वचा हलकेच धरून तिची जाडी पाहिली जाई. या चिमट्यात सापडते ती त्वचा आणि तिच्याखालची चरबी. सरासरी वजन भरले २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या गोऱ्या बाळांचे ते ३.५ किलो होते. पुण्याच्या बाळाचे पोटातले अवयव आणि स्नायू पार खालावलेले असतील, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते हे, की पाठीवरची चरबी त्या मानाने जवळजवळ शाबूत होती. गर्भात तुटवडा पडल्यावर देहाने स्नायूंना कात्री लावली आणि चरबी राखली. २००३ मध्ये हे निष्कर्ष छापले गेले, आणि ‘बारीक तरीही चरबीयुक्त’ भारतीय बाळ ही कल्पना वैद्यकशास्त्रात रूढ झाली. त्याआधीच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात पुण्याच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा अधिक इन्सुलिन आढळले होते. ज्या बाळाने अजून घासभर साखर खाल्लेली नाही, त्याच्या रक्तातली ही नोंद वाचून मी बराच वेळ थांबलो होतो.

या माता खात काय होत्या? सरासरी दिवसाला सुमारे १,८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने, तेही शेतातले काम, पाण्याच्या खेपा आणि घरकाम सांभाळून. मात्र बाळाच्या आकाराशी स्पष्ट संबंध दिसला तो एकूण कॅलरींचा नव्हे, तर हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा. गर्भारपणाच्या पहिल्या सहा महिन्यांत ज्यांना अंगमेहनत अधिक करावी लागली, त्यांची बाळे लहान निघाली. माझ्या मते साऱ्या अभ्यासातली ही सर्वांत घरगुती आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. मेथी, पालक किंवा चाकवताची जुडी कोणी औषध म्हणून लिहून देत नाही, आणि गर्भार सुनेच्या डोक्यावरचा हंडा उतरवणे हा उपचार आहे असे कोणाला वाटत नाही.

यातून जीवनसत्त्व बी-१२ चा धागा हाती आला. या मातांपैकी दोन तृतीयांशांच्या आसपास स्त्रियांच्या रक्तात बी-१२ कमी होते. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळते, त्यामुळे शाकाहारी माणसाची सारी भिस्त दूध-दह्यावर असते. २००८ मध्ये या मुलांच्या सहाव्या वर्षीच्या तपासण्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा दिसले, की ज्यांच्या आईला गर्भारपणात बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व भरपूर मिळाले होते, त्या मुलांमध्ये इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. फोलेट वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. गर्भाच्या मज्जारज्जूसाठी ते अत्यावश्यक आहे आणि त्याच्या गोळ्या कोणीही बंद करू नयेत. गुणसूत्रांवर जे रासायनिक ठसे उमटून कोणते जनुक किती काम करील हे ठरते, त्या रसायनक्रियेत ही दोन्ही जीवनसत्त्वे जोडीने लागतात, आणि एकाचाच तुटवडा असला, तर जोडीचा तोल जातो, असा तर्क आहे. हे संबंध निरीक्षणातून दिसलेले आहेत. कार्यकारणाचा पुरावा मिळवायला प्रयोगच करावा लागतो.

त्या गावांतली मुले अठरा वर्षांची झाली, तेव्हा सहाशेहून अधिक जणांची ग्लुकोज पाजून तपासणी झाली. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर मर्यादेबाहेर निघाली, त्यांतले बहुतेक उंबरठ्यावरचे. आणि या सगळ्या गटातले जवळपास निम्मे जण वजनाने कमी होते. ज्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीच थोडी वरच्या बाजूला होती, तेच अठराव्या वर्षी अधिक प्रमाणात सापडले. म्हणजे वाट बालपणातच धरलेली होती.

याला दुजोरा देणारी आणखी एक बाब आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रौढांच्या मधुमेहाचे पाच उपगट पाडले. तीच पद्धत पुण्यात पंचेचाळिशीच्या आत मधुमेह झालेल्या रुग्णांना लावली, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण इन्सुलिनच मुळात कमी तयार होणाऱ्या गटात पडले. स्वीडनमध्ये या गटाचा वाटा बराच कमी आहे. कुपोषणातून उद्भवणारा मधुमेह जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात १९८५ मध्ये आला आणि १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून वगळला गेला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या संशोधनानंतर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘पाचव्या प्रकारचा मधुमेह’ म्हणून पुन्हा स्थान दिले. उपाशी माणसाच्या मधुमेहाला नाव मिळायला एवढा काळ जावा, हे मला योग्य वाटत नाही.

आयुष्याच्या पहिल्या हजार दिवसांचे वजन किती, हे ब्रिटनच्या एका योगायोगानेही दाखवले. महायुद्धामुळे तिथे साखरेवर असलेले रेशन १९५३ च्या सप्टेंबरमध्ये उठले आणि लोकांचे साखर खाणे लगेच जवळपास दुप्पट झाले. त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे गर्भात आलेल्या माणसांची तुलना २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली. गर्भात आणि बालपणी रेशन अनुभवलेल्यांमध्ये मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. अर्थात रेशन म्हणजे उपासमार नव्हे. पोषण पुरेसे होते, साखर तेवढी बेताची होती.

आजच्या रुग्णाने यातून काय घ्यावे? कंबर टेपने मोजावी. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली असेल, तर वजन कमी असले तरी तपासणी करावी. घरात कोणाला मधुमेह असेल, तर तिशीच्या आतच करावी. चालण्याला स्नायूंच्या व्यायामाची, म्हणजे वजने उचलणे, जिने चढणे, बैठका यांची जोड द्यावी, कारण साखर रिचवायला स्नायूच लागतात. शिडशिडीत माणसाने कोणाचे ऐकून जेवण अर्ध्यावर आणण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे उत्तम आणि स्वस्त औषध आहे; पण ते वर्षानुवर्षे घेतल्यास शरीरातले बी-१२ घटू शकते. शाकाहारी माणसात ते आधीच कमी असते. पायांना मुंग्या येऊ लागल्या, की ‘साखरेमुळे नसा गेल्या’ असे गृहीत धरले जाते. मामांच्या बाबतीतही तसेच झाले होते, आणि बी-१२ तपासायला दोन वर्षे लागली. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, पण ही तपासणी मागून घ्यावी.

गर्भार स्त्रीची साखर पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान तपासावी, असा सरकारी नियम आहे, कारण आईची वाढलेली साखरही बाळाच्या देहावर खूण ठेवते. हे सारे वाचून एखाद्या आईने स्वतःला दोष लावून घेऊ नये. आईच्या पानात काय पडते आणि तिला बसायला वेळ मिळतो की नाही, हे ती एकटी ठरवत नाही. तिची स्वतःची वाढही तिच्या आईच्या ताटावर ठरलेली असते.

म्हणूनच केईएमच्या संशोधकांनी पुढचा प्रयोग गर्भारपणात नव्हे, तर त्याच्या बऱ्याच आधी सुरू केला. सहा गावांतली ती मुले-मुली किशोरवयात आली, तेव्हा २०१२ मध्ये त्यांच्यातल्या काही गटांना रोज फक्त २ मायक्रोग्रॅम बी-१२ असलेली गोळी दिली जाऊ लागली. एका गटाला त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्येही मिळाली. लग्ने झाली, दिवस गेले, आणि गोळ्या घेतलेल्या मुलींच्या रक्तात गर्भारपणातही बी-१२ अधिक आढळले. ज्यांच्या पाळीच्या तारखा १९९३ मध्ये वहीत लिहिल्या गेल्या, त्या बायकांची नातवंडे म्हणजे या मुलींना झालेली बाळे. त्यांची साखर मोठेपणी कशी राहते, हे कळायला अजून बरीच वर्षे लागतील. तोवर त्यांचीही उंची, वजन आणि पाठीवरच्या त्वचेची जाडी नोंदवली जात राहील.