गुडघ्यातील कूर्चेच्या प्रतिमाचाचण्या

मांडीचे हाड, नडगी आणि वाटी एकमेकांवर सरकतात तिथे त्यांच्या पृष्ठभागावर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. बहुतेक ठिकाणी तो २ ते ४ मिलिमीटर जाड असतो, वाटीमागे त्याहून जास्त. बोलण्यात याला ‘गादी’ म्हणतात. पण गादी म्हणजे कधी कूर्चा, कधी दोन हाडांमधली चकती (मेनिस्कस), आणि हा घोळ रिपोर्ट वाचताना हमखास नडतो.

निफाड-येवल्याकडे कांदा लागवडीत दिवसभर उकिडवे बसून गुडघे धरलेली बाई नाशिकला दाखवायला आली, की पहिली चाचणी एक्स-रेची. चिठ्ठीवर ‘दोन्ही गुडघे, स्टँडिंग’ लिहिलेले असते आणि त्यातला शेवटचा शब्द फार महत्त्वाचा. झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये हाडांवर भार नसतो, त्यामुळे ‘गॅप’ (हाडांमधले अंतर) आहे त्यापेक्षा चांगला दिसू शकतो. शिवाय त्या गॅपमध्ये कूर्चा दिसत नाहीच; हाडे किती जवळ आली यावरून झिजेचा अंदाज बांधायचा. चकती जागेवरून सरकली तरी गॅप कमी होतो. केल्ग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेली ० (निरोगी) ते ४ (सर्वाधिक झीज) ही श्रेणी एक्स-रे फिल्मवरच बेतलेली आहे. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या उतरताना दुखणे वाटीमागचे असेल, तर समोरून काढलेली फिल्म त्याबद्दल फारसे काही सांगत नाही. त्यासाठी गुडघा वाकवून ‘स्कायलाइन’ फिल्म काढावी लागते.

कूर्चा प्रत्यक्ष दाखवते ती एमआरआय. चरबीचा संकेत दाबून घेतलेल्या चित्रांत कूर्चा करडी आणि सांध्यातले पाणी पांढरे दिसते, म्हणून चिरेत शिरलेले पाणी चीर उघडी पाडते. खालच्या हाडाची सूज, चकती, स्नायुबंध हेही त्याच तपासणीत कळते. ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) यंत्रावर बारकावे १.५ टेस्लापेक्षा स्पष्ट येतात. टी-२ मॅपिंगमध्ये जाडी घटण्याआधीच पाण्याचे प्रमाण आणि तंतूंची रचना बिघडल्याचे रंगांतून दिसते, पण रोजच्या ओपीडीत ते क्वचितच मागवले जाते.

सोनोग्राफी स्वस्त आणि किरणविरहित आहे. गुडघा पूर्ण दुमडला की मांडीच्या हाडाच्या पुढच्या भागावर कूर्चेची काळी पट्टी दिसते. नडगीवरचा, मुख्य भार पेलणारा भाग मात्र हाडाआड राहतो. पेसमेकरमुळे एमआरआय होत नसेल, तर सांध्यात रंगद्रव्य टोचून केलेला सीटी स्कॅन पृष्ठभागावरच्या भेगा उत्तम दाखवतो. सुई आणि किरण मात्र सोसावे लागतात. दुर्बिणीतून (आर्थ्रोस्कोपी) पृष्ठभाग डोळ्यांनी दिसतो आणि सळईने चाचपता येतो, पण हाडाच्या आतले काही कळत नाही. केवळ निदानासाठी ती आता सहसा करत नाहीत.

कूर्चेत मज्जातंतू नसतात. म्हणून चौथ्या श्रेणीची फिल्म असलेला माणूस ब्रह्मगिरीची फेरी करून येतो आणि पहिल्या श्रेणीचा कण्हत बसतो. साठीपुढचा, उभ्या फिल्ममध्ये हाडाला हाड लागलेला रुग्ण असेल, तर सांधा बदलण्याच्या निर्णयासाठी एमआरआय बहुधा लागतच नाही. तरुण वय, गुडघा मुरगळणे किंवा मध्येच अडकणे, आणि फिल्म मात्र साफ, अशा वेळी एमआरआयचा खर्च कारणी लागतो.