एआय क्रॉलर

एआय क्रॉलर : भाषिक प्रारूपांच्या (चॅटजीपीटीसारख्या सेवांमागील लँग्वेज मॉडेलांच्या) प्रशिक्षणासाठी, एआय शोधाच्या सूचीसाठी किंवा एखाद्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जुळवण्यासाठी संकेतस्थळांवरील पाने आपोआप उचलणारा प्रोग्राम. शोधयंत्रांच्या जुन्या बॉटची (आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामची) आणि याची चाल बरीचशी सारखी आहे. फरक मुख्यतः उचललेल्या मजकुराच्या विनियोगात आहे. या नोंदीतील उदाहरणे रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील होमस्टे आणि आंबा बागायतदार यांच्या छोट्या संकेतस्थळांच्या अंगाने घेतली आहेत.

उगम : वेबवर फिरणारा पहिला रोबॉट म्हणून बहुधा एमआयटीतील मॅथ्यू ग्रे यांच्या ‘वर्ल्ड वाइड वेब वाँडरर’चा (१९९३ चा मध्य) उल्लेख होतो. शोधाची सोय ही कसोटी लावणारे मात्र जोनाथन फ्लेचर यांच्या ‘जंपस्टेशन’ला (डिसेंबर १९९३) अग्रमान देतात. पण वाँडररचा मूळ हेतू वेबचा विस्तार मोजणे हा असल्याने हा वाद व्याख्येचाच अधिक दिसतो. अशा पाहुण्यांना आवर घालणाऱ्या, संकेतस्थळाच्या कोणत्या भागात शिरू नये हे सांगणाऱ्या रोबॉट्स.टीएक्सटी (robots.txt) या नियमफायलीच्या जन्माविषयीही मतभेद आहेत. मार्टाइन कोस्टर यांनी ती १९९४ मध्ये मांडली, एवढे निर्विवाद आहे. विज्ञानकथालेखक चार्ल्स स्ट्रॉस यांचा दावा असा की, त्यांनी स्वतः लिहिलेल्या बेशिस्त क्रॉलरने कोस्टर यांचा सर्व्हर बेजार केला आणि त्यातून हा नियम निघाला. तो खोटा मानण्याचे कारण नाही. मात्र १९९४ च्या मूळ मसुद्यात १९९३-९४ मधील अनेक रोबॉटांच्या तक्रारी एकत्र आलेल्या दिसतात : मागण्यांचा भडिमार, त्याच फायली पुन्हा पुन्हा नेणे, आणि प्रोग्रामने निर्माण होणाऱ्या पानांच्या खोल जाळ्यात शिरणे. त्यामुळे एकाच प्रसंगापेक्षा साचलेल्या त्रासाचे कारण अधिक पटते. त्याचे औपचारिक इंटरनेट मानक (आरएफसी ९३०९ हा दस्तऐवज) होण्यास सप्टेंबर २०२२ उजाडले.

प्रकार : कामानुसार तीन वर्ग पडतात. प्रशिक्षणासाठी जीपीटीबॉट (ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर), क्लॉडबॉट, तसेच खुला संग्रह करणाऱ्या कॉमन क्रॉलचा सीसीबॉट. शोधसूचीसाठी ओएआय-सर्चबॉट, पर्प्लेक्सिटीबॉट. वापरकर्त्याच्या सांगण्यावरून त्याच क्षणी येणारे चॅटजीपीटी-यूजर, क्लॉड-यूजर इत्यादी. ‘तारकर्लीत शाकाहारी जेवण असलेला होमस्टे कोणता’ असे कोणी विचारले की या तिसऱ्या वर्गातील बॉट दारी येऊ शकतो, म्हणजे त्यामागे खरे गिऱ्हाईक असते. तिघांना एकाच फटक्यात अडवणारा मालक हे गिऱ्हाईकही परतवतो. गूगल-एक्स्टेंडेड हा मात्र वेगळा क्रॉलर नाही. ते नियमफायलीत लिहायचे केवळ नाव आहे. पाने गूगलबॉटच नेतो, त्यामुळे लॉगमध्ये (सर्व्हरच्या भेटींच्या नोंदवहीत) हे नाव शोधणे व्यर्थ.

भेटीचा क्रम : शिस्तीचा क्रॉलर प्रथम रोबॉट्स.टीएक्सटी मागतो, मग साइटमॅप (संकेतस्थळावरील पानांची यादी) किंवा मुखपृष्ठावरील दुव्यांच्या मागाने जातो. नियमफाइल संकेतस्थळाच्या मूळ पत्त्यावरच असावी लागते. ती २४ तासांपर्यंत साठवून वापरण्यास मानकाची मुभा असल्याने सकाळी केलेला बदल संध्याकाळी लागू झालाच असे नाही. एकाच पानाला दोन नियम जुळले तर अधिक लांबीचा मार्ग असलेला नियम चालतो. सर्वाधिक घोळ गटांमध्ये, म्हणजे एकेका क्रॉलरच्या नावाखाली लिहिलेल्या नियमांमध्ये, होतो. क्रॉलरला स्वतःच्या नावाचा गट सापडला की तो तारांकित (* या चिन्हाचा, सर्वांसाठीचा) सर्वसाधारण गट वाचत नाही. सर्वांसाठी बुकिंगचा विभाग बंद असेल आणि जीपीटीबॉटसाठी वेगळा गट करून त्यात फक्त छायाचित्रांचा विभाग बंद केला, तर जीपीटीबॉटला बुकिंगचा विभाग मोकळा होतो. तो नियम नव्या गटात पुन्हा लिहावा लागतो. दोन मागण्यांमधील अंतर सांगणारी ‘क्रॉल-डिले’ ही ओळ मानकात नाही. गूगल ती मानत नाही, अँथ्रॉपिक मानते.

नियमफाइल मागितल्यावर सर्व्हर कोणता संकेतांक देतो, यावरही पुढचे वर्तन ठरते. ४०४ (फाइल सापडली नाही) किंवा ४०३ (प्रवेश नाकारला) मिळाल्यास, मानकानुसार, नियमच नाहीत असे समजून क्रॉलर सगळीकडे फिरू शकतो. फायरवॉलने बॉटला ही फाइलच नाकारली की मनाईची पाटीही झाकली जाते. उलट ५०० च्या मालिकेतील (सर्व्हरच्या बिघाडाचे) उत्तर आल्यास सर्वच बंद मानायचे असते. ऐन हंगामात, आंब्याच्या पेट्यांच्या आगाऊ नोंदणीच्या दिवसांत, स्वस्त सामायिक होस्टिंगची (एकच सर्व्हर अनेकांत वाटून घेणाऱ्या सेवेची) मर्यादा ओलांडून ५०३ किंवा ५०८ येऊ लागले, तर नको असलेल्या बॉटबरोबर हवा असलेला शोधबॉटही थबकतो.

भार : छोट्या संकेतस्थळाला लेखांच्या वाचनाने सहसा काही होत नाही. खरे दुखणे अंत नसलेल्या पत्त्यांचे असते. होमस्टेच्या बुकिंग कॅलेंडरमध्ये प्रत्येक तारखेला दुवा आणि ‘पुढचा महिना’ कायम उपलब्ध असेल, तर चार खोल्या व दोन भाषा धरून दहा वर्षांचे सुमारे २९,२०० पत्ते तयार होतात. प्रत्येकासाठी डेटाबेसला विचारणा होते आणि साठवलेली प्रत कामी येत नाही. १९९४ च्या मसुद्यातील खोल जाळे ते हेच. उपाय : पुढील १२ महिन्यांनंतर दुवा देऊ नये, तारीख दुव्याऐवजी फॉर्ममधून पाठवावी, कॅलेंडरचा मार्ग नियमफायलीत बंद करावा, आणि तरीही मागण्या वाढल्यास ४२९ (फार मागण्या) हा संकेतांक ‘इतक्या सेकंदांनी या’ या शीर्षओळीसह द्यावा. क्रॉलर अडवण्यापूर्वी कॅलेंडर दुरुस्त करणे केव्हाही श्रेयस्कर. छायाचित्रांचेही तसेच. सिंधुदुर्ग किल्ल्याची ५ एमबीची ३०० छायाचित्रे एका फेरीत १.५ जीबी खातात. तीच २०० केबीची केल्यास ६० एमबीत भागते. मोठ्यांचीही यातून सुटका नाही. मे २०२४ मध्ये एका क्रॉलरने ‘रीड द डॉक्स’ या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तके ठेवणाऱ्या संकेतस्थळावरून ७३ टीबी मजकूर नेल्याचे त्या संस्थेने जाहीर केले होते.

ओळख व पालन : लॉगच्या ओळीत आयपी पत्ता, वेळ, मागितलेला मार्ग, संकेतांक, बाइट आणि शेवटी यूजर-एजंट (भेट देणारा सांगतो ते स्वतःचे नाव) असतो. हे शेवटचे नाव कोणीही घेऊ शकतो, म्हणून खात्री आयपीवरूनच करावी. ओपनएआय आपल्या बॉटचे आयपी पट्टे प्रसिद्ध करते. गूगलबॉटसाठी उलट डीएनएस तपासणी (आयपीवरून त्यामागचे डोमेन नाव शोधणे) चालते. नियमफाइल हे कुलूप नव्हे, असे मानकच स्पष्ट करते. तिसऱ्या वर्गात धोरणे भिन्न आहेत. पर्प्लेक्सिटी-यूजर हे नियम साधारणतः विचारात घेत नाही, असे ती कंपनी सांगते. क्लॉड-यूजर ते पाळतो, असे अँथ्रॉपिकचे म्हणणे आहे. मजकुराच्या प्रशिक्षणवापराचा प्रश्न भारतात एएनआय वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात नेला.

मराठी पानांचे विशेष : बहुतेक एआय क्रॉलर जावास्क्रिप्ट (पान उघडल्यावर ब्राउझरमध्ये चालणारा कोड) चालवत नाहीत. खोलीचे दर किंवा पेटीचा भाव स्क्रिप्टने नंतर भरला जात असेल, तर क्रॉलरच्या हाती रिकामी चौकट लागते आणि उत्तरात तिसऱ्याच संकेतस्थळावरचा शिळा भाव येऊ शकतो. भाव एचटीएमएलमध्येच छापावा. पत्त्यातील देवनागरी अक्षर लॉगमध्ये टक्केचिन्हांच्या रूपात येते. ‘आंबा’ या चार चिन्हांच्या शब्दाचे १२ बाइट, म्हणून ३६ वर्ण होतात. लॉगमध्ये ‘आंबा’ असे शोधून काहीच सापडले नाही, तरी त्यावरून भेट झाली नाही असे ठरत नाही. नियमफाइल मात्र यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत जतन केलेली असल्यास तिच्यातील देवनागरी आणि टक्केचिन्हांचे अशी दोन्ही रूपे तुलनेत समान धरली जातात. युनिकोडपूर्व फाँटात टंकलेली जुनी पाने माणसाला मराठी दिसतात, पण क्रॉलरला रोमन अक्षरांचा निरर्थक गोळा मिळतो. तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे व रफार हाताने तपासून पुन्हा चढवावा लागतो.